‘चांगला विचार कर’ असं सांगण्यापूर्वी...

गेल्या वर्षी पावसाळ्यात एक शिक्षिका दवाखान्यात आल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून त्यांच्याविषयीचे काही तपशील इथे बदलले आहेत.) वय पन्नाशीच्या आसपास, सोबत धाकटा भाऊ. झोप लागत नाही, जेवण जात नाही, अंगात त्राण नाही, या त्यांच्या तक्रारी. रक्ताचे रिपोर्ट बघून झाल्यावर त्यांनी पिशवीतून एक दोनशे पानी वही काढून माझ्यासमोर ठेवली. पहिल्या पानावर मधोमध ‘श्री’, आणि खाली ओळीने तेच ते वाक्य : ‘मी आनंदी आहे, मी समर्थ आहे.’ रोज १०८ वेळा. रामनामाची वही लिहितात तसं हे २१ दिवस लिही, मन आपोआप पालटेल, असं त्यांना नात्यातल्या कोणीतरी सांगितलं होतं.

पहिल्या काही पानांवरचं अक्षर फळ्यावरच्या सुविचारासारखं वळणदार होतं. मग ते हळूहळू बिघडत गेलेलं दिसलं. अठराव्या दिवशी ३७ ओळी लिहून अडतिसावी ‘मी आनं’ इथेच सुटली होती. पुढची पानं कोरी.

“डॉक्टर, मला एवढंही जमलं नाही,” बाई म्हणाल्या.

भाऊ काकुळतीला आला होता. “आम्ही सगळे हिला समजावून दमलो. ताई, पॉझिटिव्ह राहा, चांगला विचार कर, तुला काय कमी आहे? पण ही मनावरच घेत नाही.”

भावाला दोष देण्याचा मला अधिकार नाही. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत हेच वाक्य मीही कितीतरी जणांना गोळ्यांच्या चिठ्ठीबरोबर दिलेलं आहे. मी मनोविकारतज्ज्ञ नाही, फॅमिली डॉक्टर आहे. पण नैराश्य घेऊन येणारी बरीच माणसं पहिल्यांदा आमच्याकडेच येतात, तीही डोकेदुखी, अ‍ॅसिडिटी, थकवा अशा नावांनी. त्यांना ‘चांगला विचार करा’ म्हटलं की ती मान हलवून निघून जातात. त्यातल्या काही पुन्हा आल्याच नाहीत. तेव्हा मी समजत होतो की, त्या बऱ्या झाल्या. आता त्याची तेवढी खात्री वाटत नाही.

सकारात्मक विचारांचा नैराश्यात काहीच उपयोग नाही, असं मला म्हणायचं नाही. उपयोग आहे. पण तो कुठल्या टप्प्यावर, किती आणि कशा रीतीने, हे न कळता केलेला उपदेश रुग्णाच्या दुखण्यात आणखी एका अपयशाची भर घालतो. बाईंची वही हे त्याचं उदाहरण आहे.

उदासी आणि नैराश्य

आपल्या बोलण्यात ‘डिप्रेशन’ हा शब्द आता फार स्वस्त झाला आहे. मॅच हरलो, डिप्रेशन. सुट्टी संपली, डिप्रेशन. ही उदासी असते. ती येते आणि चहा, गप्पा, एखादा सिनेमा यांनी बहुधा जाते. नैराश्य हा आजार वेगळा. मन खिन्न असणं किंवा कशातच गोडी न वाटणं, हे दिवसाचा बहुतेक वेळ, जवळजवळ रोज, किमान दोन आठवडे टिकतं. जोडीला झोप बिघडते, भूक बदलते, थकवा येतो, एकाग्रता होत नाही, हालचाली आणि बोलणं मंदावतं किंवा उलट जिवाची तगमग होते, आपण कुचकामी आहोत, आपलंच चुकलं असं वाटत राहतं, आणि कधी कधी जगणं नको होतं. यातल्या पुरेशा गोष्टी एकत्र आल्या आणि रोजचं काम अडू लागलं, की तो स्वभाव किंवा मूड राहत नाही.

बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ या संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यानुसार दर २० प्रौढांमागे सुमारे एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्याने गाठलेलं असतं. नैराश्य, चिंता यांसारख्या नेहमी आढळणाऱ्या मानसिक आजारांच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांपर्यंत उपचारच पोहोचत नाहीत, हेही त्याच सर्वेक्षणात दिसलं. उपचार न मिळालेली ही माणसं काही एकटी बसलेली नसतात. त्यांच्या अवतीभवती घर असतं, शेजार असतो, ऑफिस असतं. आणि या सगळ्यांकडून त्यांना जे एकच औषध मुबलक मिळतं ते म्हणजे ‘पॉझिटिव्ह राहा’.

गोड वाक्य परत का येतं?

नैराश्यात माणूस वाईट विचार ‘करत’ नाही. ते विचार त्याला येतात, आणि खरे वाटतात. चष्म्याच्या काचेवर धूर बसला तर समोरची भिंत काळीच दिसणार. त्या माणसाला ‘भिंत पांढरी आहे असं म्हण’ असं सांगितलं, तर तो दोन वेळा म्हणेल. तिसऱ्या वेळी त्याच्या मनात येईल, सगळ्यांना पांढरी दिसते आणि मला दिसत नाही, म्हणजे खोट माझ्यातच आहे.

कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये याच धर्तीचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना आपल्या मनातले विचार चार मिनिटं कागदावर लिहायला सांगितले, आणि त्यातल्या काहींना ठराविक अंतराने घंटा वाजली की ‘मी प्रेम करण्याजोगा माणूस आहे’ असं स्वतःशी म्हणायला सांगितलं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच चांगलं होतं त्यांना किंचित बरं वाटलं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत वाईट होतं त्यांना मात्र हे वाक्य न म्हणणाऱ्या त्यांच्यासारख्याच मुलांपेक्षा जास्त वाईट वाटलं. ज्यांना त्या वाक्याची सर्वांत जास्त गरज होती, त्यांच्यावरच ते उलटलं. हे सगळे विद्यार्थी होते, नैराश्याचे रुग्ण नव्हते, आणि एका प्रयोगावरून सगळं ठरवू नये, हे खरंच. पण दवाखान्यात दिसतं त्याच्याशी हे जुळतं. मन ज्यावर विश्वास ठेवू शकत नाही असं वाक्य मनावर लादलं, की मन लगेच त्याच्याविरुद्ध पुरावे काढू लागतं.

दुसरी अडचण आठवणींची. ‘चांगले दिवस आठव’ असं आपण सहज सांगतो. पण नैराश्यातल्या माणसाची स्मरणशक्ती एका विशिष्ट प्रकारे अडते, हे मानसशास्त्रज्ञांना अनेक अभ्यासांत आढळलं आहे. त्याला नेमका प्रसंग आठवायला अवघड जातं, ढोबळ निष्कर्ष तेवढे आठवतात. ‘एखादी आनंदाची आठवण सांगा’ म्हटलं की निरोगी माणूस म्हणेल, ‘भाचीच्या लग्नात पंगतीत मठ्ठा सांडला तेव्हा आम्ही किती हसलो होतो.’ रुग्ण म्हणेल, ‘पूर्वी सगळे एकत्र असायचो, तेव्हा बरं होतं.’ या उत्तरात ना माणसाचा चेहरा आहे, ना पंगत. त्यातून उरते ती फक्त ‘तेव्हा होतं, आता नाही’ ही तुलना. म्हणजे औषध म्हणून दिलेली आठवणसुद्धा जखमेवर मीठ चोळते.

आणि तिसरी गोष्ट दुःखाची. बाईंची आई जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. शेवटची दोन वर्षं त्यांनी तिचं सगळं अंथरुणात केलं होतं. ‘चांगला विचार कर’ म्हणणाऱ्या एकानेही त्यांना आईबद्दल बोलू दिलं नव्हतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात मांडलेली आणि मुंबईच्या कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत नेलेली विवेकनिष्ठ विचारपद्धती इथे एक मोलाचा फरक करते. नुकसान झाल्यावर दुःख होणं योग्य आहे, विवेकाला धरून आहे. ‘आता सगळं संपलं, मी कशाच्याच लायकीची नाही’ या निष्कर्षामुळे खचून जाणं घातक आहे. सकारात्मक विचारांचा सरसकट उपदेश हा फरक पुसून टाकतो. तो खचण्याबरोबर रडण्यालाही बंदी घालतो.

उलटा नव्हे, तपासलेला विचार

मग विचारांवर काम करायचंच नाही का? करायचं. पण कसं, ते फिलाडेल्फियातल्या एका मनोविकारतज्ज्ञाने दाखवून दिलं. अ‍ॅरन बेक मूळचे मनोविश्लेषणाच्या परंपरेतले. नैराश्य म्हणजे माणसाने स्वतःवरच उलटवलेला राग, हा त्या काळचा सिद्धांत. तो पडताळून पाहायला म्हणून १९६० च्या सुमारास त्यांनी रुग्णांची स्वप्नं तपासली. त्यात त्यांना रागापेक्षा अपयश आणि गमावल्याची भावनाच जास्त सापडली. रुग्णांशी बोलताना त्यांच्या लक्षात आलं, की या माणसांच्या मनात सतत, आपोआप, क्षणभर चमकून जाणारे विचार येत असतात. हे विचार तीन दिशांना जातात : मी वाईट, जग वाईट, पुढेही वाईटच. या निरीक्षणातून ‘कॉग्निटिव्ह थेरपी’ म्हणजे विचारांवर आधारलेली उपचारपद्धती उभी राहिली. नैराश्यात तिचा उपयोग होतो हे आज जगभरात मान्य आहे. बेक २०२१ मध्ये शंभर वर्षांचे होऊन गेले.

अनेकांना वाटतं की ही पद्धत म्हणजे शास्त्रीय वेष्टनातला सकारात्मक विचार. तसं नाही. बेक यांच्या पद्धतीत वाईट विचाराच्या जागी चांगला विचार बसवत नाहीत. तो विचार कागदावर उतरवतात, आणि एखाद्या दाव्याची चौकशी करावी तशी त्याची चौकशी करतात. याला पुरावा काय? याविरुद्ध पुरावा काय? हेच माझ्या मैत्रिणीच्या बाबतीत घडलं असतं, तर मी तिला काय म्हटलं असतं?

बाईंचा एक विचार होता, ‘मी शिक्षिका म्हणून नापास झाले.’ समुपदेशकाने त्यांच्याकडून दोन रकाने भरून घेतले. बाजूचा पुरावा : तीन महिन्यांत घटक चाचणीचे पेपर वेळेवर तपासून झाले नाहीत, दोनदा वर्गात शब्द सुचेना. विरुद्ध बाजूचा पुरावा : २६ वर्षांची नोकरी, आणि त्यात पेपर राहिल्याचे हे पहिलेच तीन महिने. यातून जे वाक्य निघालं ते असं : ‘सध्या मी आजारी आहे आणि माझं काम मागे पडलं आहे. याआधी ते पडत नव्हतं.’

या वाक्यात आनंद नाही, सामर्थ्याचा उल्लेखही नाही. सुविचार म्हणून ते कोणी फळ्यावर लिहिणार नाही. पण ते खरं आहे, म्हणून बाईंना ते रात्री दोन वाजतासुद्धा मान्य करता येतं. ‘मी समर्थ आहे’ हे रात्री दोनला टिकत नाही.

गोव्यातला धडा

विचार तपासायलाही थोडी ताकद लागते, आणि तीव्र नैराश्यात तीही नसते. अशा वेळी दुसऱ्या टोकाने सुरुवात करता येते, कृतीच्या. आपली समजूत अशी की, आधी मन लागेल, मग हात चालेल. नैराश्यात हा क्रम उलटा करावा लागतो. माणूस अंथरुणात पडून राहतो, त्यामुळे दिवसभरात बरं वाटण्याजोगं काही घडत नाही, त्यामुळे मन आणखी खचतं, त्यामुळे तो आणखी पडून राहतो. हा फेरा मनाच्या बाजूने तुटत नसेल, तर हातापायांच्या बाजूने तोडून पाहायचा.

याचा भक्कम पुरावा आपल्या शेजारी, गोव्यात मिळालेला आहे. मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि ‘संगत’ या संस्थेतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. मध्यम ते तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ प्रौढांना दोन गटांत विभागलं होतं. एका गटाला आरोग्य केंद्रातले नेहमीचे उपचार, थोडे सुधारून. दुसऱ्या गटाला तेच उपचार, आणि शिवाय समुपदेशनाच्या सहा ते आठ भेटी. हे समुपदेशक डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. प्रशिक्षण घेतलेली स्थानिक, साधी माणसं होती. त्यांचा मुख्य भर होता तो रुग्णाच्या दिवसात छोट्या, त्याला महत्त्वाच्या वाटणाऱ्या कृती परत आणण्यावर आणि रोजच्या अडचणी एकेक करून सोडवण्यावर. तीन महिन्यांनी पाहणी केली तेव्हा पहिल्या गटातल्या ३९ टक्के रुग्णांचं नैराश्य ओसरलं होतं, दुसऱ्या गटातल्या ६४ टक्के रुग्णांचं. वर्षभराने पाहिलं तेव्हाही हा फायदा बऱ्याच अंशी टिकून होता. सुधारणेमागे रुग्ण पुन्हा कामाला, हालचालीला लागला होता याचा वाटा होता, असंही विश्लेषणात दिसलं.

मला या चाचणीतली सर्वांत दिलासा देणारी गोष्ट ही वाटते, की मदत करणारी माणसं आपल्यासारखीच होती. त्यांना उपदेशाऐवजी काय करायचं हे शिकवलेलं होतं, एवढाच फरक.

मग सकारात्मक विचार कुठे बसतो?

तो नंतर येतो, आणि घडलेल्या गोष्टीला धरून येतो. त्याची रीत साधारण अशी ठेवता येईल.

सुरुवात अगदी लहान कृतीने करा. ‘रोज पाच किलोमीटर चालणार’ हा संकल्प नको. ‘उद्या सकाळी साडेसातला गॅलरीत पाच मिनिटं उभं राहणार’ हा चालेल. वेळ आणि जागा ठरलेली हवी, आणि वाईटातल्या वाईट दिवशीही जमेल इतकं ते लहान हवं. मन लागण्याची वाट पाहू नका. ते नंतर लागतं, कधी लागतही नाही. कृती झाली तरी पुरे.

झालेली कृती लिहून ठेवा, आणि समोर बरं वाटण्याला दहापैकी गुण द्या. आधी दोन, नंतर तीन, असंही चालेल. नैराश्य सांगतं, ‘कशानेच काही फरक पडत नाही.’ दोनाचे तीन झालेले डोळ्यांनी दिसले, की या दाव्याविरुद्धचा पहिला पुरावा स्वतःच्याच अक्षरात मिळतो. तो बाहेरून कोणी दिलेला नसतो, म्हणून मन तो सहसा झिडकारत नाही.

थोडी उभारी आली, की रात्री दिवसातल्या तीन बऱ्या गोष्टी आणि त्या कशामुळे घडल्या, हे लिहायला हरकत नाही. मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आठवडाभर हा सराव केलेल्या लोकांना पुढे सहा महिन्यांपर्यंत फायदा जाणवला. यात दोन बारकावे आहेत. गोष्ट नेमकी हवी : ‘दिवस चांगला गेला’ असं ढोबळ नव्हे, ‘शेजारच्या काकूंनी अळूवडी आणून दिली’ असं. आणि तिचं कारण लिहायला हवं : ‘मी परवा त्यांना फोन केला होता म्हणून.’ ढोबळ आठवणींची जी अडचण वर सांगितली, तिच्यावरच हा नेमकेपणा काम करतो. मात्र हा सराव ओझं वाटू लागला तर खुशाल थांबवा. तो गृहपाठ नाही.

‘मी बरा होणारच’ हे वाक्य जड जात असेल तर ‘हा आजार आहे, आणि यातून पुष्कळ माणसं बरी होतात’ एवढंच म्हणा. ते सत्य आहे, त्यासाठी स्वतःवर विश्वास बसण्याची वाट पाहावी लागत नाही.

घरच्यांनी काय म्हणावं?

घरच्यांची तळमळ खरी असते, म्हणून त्यांच्यासाठी दोन शब्द. ‘तुला काय कमी आहे?’ हा प्रश्न नको. काही कमी नसताना आपण असे, ही लाज त्या माणसाला आधीच खात असते. ‘लोकांची दुःखं बघ, मग कळेल’ हेही नको. आपलं दुखणं मापात कमी भरलं म्हणून कुणाचं दुखायचं थांबत नाही.

त्याऐवजी ऐका. ‘तुला किती जड जातंय ते मला दिसतंय’ एवढं पुरतं. ‘काही लागलं तर सांग’ म्हणण्यापेक्षा ‘मी सहाला येतो, आपण कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ’ असं नेमकं म्हणा. आणि तो नको म्हणाला, तर न रागावता दुसऱ्या दिवशी परत विचारा.

जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार मनात येतात का, हे स्पष्ट शब्दांत विचारायला घाबरू नका. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट अनेकांना सुटका झाल्यासारखं वाटतं, कारण ते एकट्याने वाहत असलेलं ओझं बोलता येतं. उत्तर ‘हो’ असेल तर त्या माणसाला एकटं सोडू नका, कीटकनाशकं आणि जास्तीच्या गोळ्या घरातून हलवा, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास सुरू आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं. हा क्रमांक रुग्णाइतकाच घरच्यांसाठीही आहे.

औषधांबद्दल

सौम्य नैराश्यात समुपदेशन, व्यायाम आणि दिनचर्या यांवर भागू शकतं. मध्यम आणि तीव्र नैराश्यात बहुधा औषधं लागतात, आणि औषधं व समुपदेशन दोन्ही असतील तर उत्तम. त्याआधी थायरॉइड आणि ‘बी-१२’ जीवनसत्त्वाची तपासणी करून घ्यावी, कारण त्यांच्या कमतरतेतही नैराश्यासारखी लक्षणं दिसतात. पूर्वी कधी काही दिवस झोपेशिवाय प्रचंड उत्साह, अवाच्या सवा खर्च, न थांबणारं बोलणं असं झालं असेल, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगावं; त्यावरून उपचार बदलतात.

नैराश्यावरची औषधं गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे घेतात, पूर्ण गुण यायला आणखी वेळ लागतो. पहिल्या आठवड्यात मळमळ, अस्वस्थता असे त्रास आधी जाणवतात आणि फायदा नंतर, म्हणून बरेच जण नेमक्या त्याच वेळी गोळ्या सोडतात. या गोळ्यांची नशा होत नाही. सवय लागण्याची भीती असते ती मुख्यतः काही झोपेच्या आणि चिंतेवरच्या गोळ्यांची. बरं वाटू लागल्यावरही उपचार निदान सहा महिने चालू ठेवायचे असतात, आणि बंद करायचे ते डॉक्टरांना विचारून, हळूहळू. ‘मनाची ताकद असेल तर गोळ्या कशाला?’ असं मधुमेहाच्या रुग्णाला आपण विचारत नाही. इथेही विचारू नये.

बाईंना मी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. गोळ्या सुरू झाल्या, समुपदेशन सुरू झालं. गुण यायला वेळ लागला. दिवाळीच्या आसपास एक आठवडा असा गेला की त्या पुन्हा अंथरुणातून उठल्या नाहीत. संक्रांतीनंतर त्या अर्धा दिवस शाळेत जाऊ लागल्या. गोळ्या अजून चालू आहेत.

मध्यंतरी ब्लड प्रेशर तपासायला आल्या तेव्हा तीच वही बरोबर होती. समुपदेशकाने सांगितलेल्या नोंदींसाठी त्यांनी नवी वही घेतली नव्हती. हीच उलटी करून मागच्या बाजूने सुरुवात केली होती. ‘सकाळी गॅलरी, ५ मिनिटं. आधी २, नंतर २.’ ‘कुंड्यांना पाणी. आधी २, नंतर ३.’ ‘आईची पेटी उघडली. खूप रडले. आधी ३, नंतर ४.’ अक्षर पुन्हा वळणदार झालं होतं असं मी म्हणणार नाही. पण पानं सलग भरलेली होती, आणि जिथे काही जमलं नव्हतं तिथे नुसतं ‘आज नाही’ असं लिहिलेलं होतं.

भाऊ बाहेर बाकावर बसला होता. मी विचारलं, आता काय सांगता ताईला? तो म्हणाला, “काही सांगत नाही, डॉक्टर. संध्याकाळी जातो आणि म्हणतो, चल ताई, दूध आणायला जाऊ.”